डोंगरी कुरणातला कर्ब सांभाळायचा कसा: नवख्यांसाठी पायरीपायरीनं

डोंगरउतारावरच्या कुरणात काम करायला निघालेला नवखा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतो: इथल्या मातीत कर्ब (कार्बन) वाढवायचा कसा? मला हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा वाटतो. उंचावरच्या थंडीत पाला, मुळं, शेण सगळं सावकाश कुजतं. त्यामुळे तिथे शेकडो, कधी हजारो वर्षांचा सेंद्रिय कर्ब साठलेला असतो, आणि आज तो गळतोय. म्हणून पहिला प्रश्न असा: आहे तो कर्ब कुठून निसटतोय? फुटक्या रांजणात कितीही घागरी ओतल्या तरी उपयोग नाही, आधी भोक शोधावं लागतं.

हे सगळं कशासाठी, तेही थोडक्यात सांगतो. जगभरच्या मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. हवेत जेवढा कर्ब आहे त्याच्या जवळजवळ पावणेदोनपट. पृथ्वीवरची निम्म्याहून जास्त जमीन कुरणं आणि चराऊ रानं या सदरात मोडते. तापमान वाढलं की कुजण्याचा वेगही वाढतो, आणि थंडीमुळे टिकलेला कर्ब सर्वांत आधी धोक्यात येतो. डोंगरात दर १०० मीटर चढाला हवा साधारण ०.६५ अंशांनी थंड होते. म्हणजे हवा एका अंशानं तापली, की तुमचं कुरण उभ्या उभ्या दीडशे मीटर खाली सरकल्यासारखं होतं.

गवताळ जमिनीत झाडोऱ्याचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीखाली असतो. मुळं मरतात, मुळांतून रस झिरपतो, त्यावर जिवाणू आणि बुरशी जगतात, आणि त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतात. दीर्घकाळ टिकणारा कर्ब तो. वरून टाकलेल्या काडीकचऱ्याचा वाटा यात कमी, मुळांचा जास्त. ही एक गोष्ट पक्की डोक्यात बसली, की पुढच्या पायऱ्यांमागचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

पहिली पायरी: पावसानंतर चालून या

नकाशा, ड्रोन, उपग्रहाची चित्रं नंतर. आधी पाऊस पडून गेल्यावर किंवा बर्फ वितळत असताना संपूर्ण उतार पायी फिरा. पाणी गढूळ कुठे होतं, ते तेव्हाच दिसतं. गवताचे ठोंब छोट्या उंचवट्यांवर उभे दिसले आणि त्यांची मुळं उघडी असली, तर मधली माती वाहून गेलेली आहे. नुसतेच खडे वर आलेले असले, तर बारीक माती गेली आणि दगड मागे राहिले. जनावरांच्या आडव्या पायवाटा एकमेकींत मिसळून उताराला पायऱ्या पडल्या असतील, तर तिथे वर्दळ जमिनीला झेपत नाही. मातीवर कडक पोपडा धरला असेल, तर पाणी मुरत नाही.

उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे, तेही वहीत लिहा. उत्तर गोलार्धात दक्षिणमुखी उतार ऊन खातो, लवकर सुकतो, तिथला कर्ब मुळातच कमी असतो. उत्तरमुखी उतार ओला, थंड, मातीनं काळा. दोन्हीला एकच नियम लावणं ही नवख्यांकडून हमखास होणारी चूक आहे.

आता उघडी जमीन मोजा. यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही. एका सरळ रेषेत १०० पावलं चाला आणि प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाखाली काय आलं ते टिपा: जिवंत गवत, वाळका पाला, दगड, की उघडी माती. अशा चार-पाच रेषा वेगवेगळ्या भागांत घ्या. गवत आणि पाला यांचं आच्छादन ६० ते ७० टक्क्यांखाली गेलं की धूप झपाट्यानं वाढते, उतार तीव्र असेल तर आणखीच. पुढची अनेक वर्षं हाच आकडा तुम्हाला सर्वांत लवकर आणि सर्वांत खरं सांगणार आहे.

बिळं करणारे छोटे प्राणी दिसले म्हणून लगेच विषाकडे वळू नका. तिबेटच्या पठारावर ‘पिका’ नावाच्या, सशाच्या जवळच्या नात्यातल्या प्राण्याला कुरणाच्या ऱ्हासासाठी जबाबदार धरून दशकानुदशकं विष घातलं गेलं. पण या प्राण्याला आखूड, विरळ गवतच आवडतं. चराई जास्त झाली की त्याचं फावतं. तो बहुधा आजाराचं लक्षण असतो.

दुसरी पायरी: काम सुरू करण्याआधी मातीचे नमुने

हे आधीच करायचं, कारण सुरुवातीचा आकडा एकदा हुकला की परत मिळत नाही. कुरणाचे चार-पाच सारखे तुकडे मनात पाडा: दक्षिणमुखी उतार, उत्तरमुखी उतार, माथा, पायथा, पाणथळ. प्रत्येक तुकड्यात निदान आठ-दहा ठिकाणी नमुने घ्या. ठिकाणं आपल्या आवडीनं निवडू नका, आधी नकाशावर ठरवा आणि तिथेच जा. हात आपोआप मऊ मातीकडे वळतो, आणि आकडा खोटा वाढतो.

खोली ३० सेंटिमीटर. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबात हीच खोली धरतात. ० ते १० आणि १० ते ३० असे दोन थर वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि मातीचा ओलावा लिहून ठेवा.

प्रयोगशाळा कर्बाची टक्केवारी देते, पण टक्केवारी म्हणजे साठा नव्हे. साठ्यासाठी घनता लागते, आणि डोंगरी मातीत खरी अडचण इथेच येते, कारण तिच्यात दगड असतात. नळी ठोकून घनता काढायची नेहमीची पद्धत दगडावर अडते. त्याऐवजी लहान चौकोनी खड्डा काढा, निघालेला सगळा माल जपून ठेवा, खड्ड्यात पातळ प्लॅस्टिक अंथरा आणि मापानं पाणी ओतून तो काठोकाठ भरा. जेवढं पाणी, तेवढं खड्ड्याचं आकारमान. उतारावर पाणी एका बाजूनं सांडतं, म्हणून आधी खड्ड्याभोवतीचा भाग सपाट करून घ्या. निघालेली माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा, बारीक माती १०५ अंशांवर सुकवून वजन करा आणि खड्ड्याच्या पूर्ण आकारमानानं भागा. दगडांची वजावट यात आपोआप होते.

एक उदाहरण करून पाहू. कर्ब २ टक्के, बारीक मातीची अशी घनता ०.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, खोली ३० सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार ५४, म्हणजे हेक्टरी ५४ टन कर्ब. दगड विसरून १.२ ही घनता धरली असती तर ७२ आले असते, एक तृतीयांश जास्त. कर्बाचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायला ३.६७ नं गुणतात. तेव्हा अशी चूक पुढे किती फुगत जाते, ते तुम्हीच पाहा.

प्रयोगशाळेला दोन गोष्टी आधीच विचारा. तपासणी कोणत्या पद्धतीनं? १९३४ पासून चालत आलेल्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत सरासरी तीन-चतुर्थांशाच्या आसपासच कर्ब पकडला जातो आणि उरलेला एका ठरावीक गुणकानं भरून काढतात. माती जाळून मोजण्याची पद्धत जास्त अचूक. कुठलीही घ्या, पण दरवेळी तीच घ्या. दुसरं, चुनखडीची माती असेल तर खडकातला कर्ब सेंद्रिय कर्बात मिसळून मोजला जाणार नाही ना? मातीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं, तर चुनखडी आहे असं समजा आणि तसं प्रयोगशाळेला लिहून कळवा.

तिसरी पायरी: ओल्या जागा सगळ्यांआधी

हात आखडते असतील, माणसं कमी असतील, एकच काम करता येणार असेल, तर हे करा. डोंगरातल्या पाणथळ जागांत माती काळी, स्पंजासारखी असते, कारण पाण्याखाली हवा पोचत नाही आणि कुजणं जवळजवळ थांबतं. जगात अशा पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) जमिनी फक्त ३ टक्के आहेत, पण मातीतल्या एकूण कर्बाचा सुमारे तिसरा हिस्सा त्यांच्यात आहे. एक चर खणून पाणी काढून दिलं, की हवा आत शिरते आणि हजारो वर्षांत साठलेलं काही दशकांत उडून जातं. तिबेट पठाराच्या पूर्व टोकाला झोइगेच्या दलदलीत १९६० आणि १९७०च्या दशकांत चराईसाठी असे चर खणले गेले, आणि नंतर तेच चर बुजवण्याचं काम हाती घ्यावं लागलं. याच्या अगदी उलट रीत दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात आहे. तिथले अल्पाका पाळणारे लोक छोट्या पाटांनी पाणी फिरवून ‘बोफेदाल’ नावाची उंचावरची ओली कुरणं मुद्दाम ओली ठेवतात. कोरड्या दिवसांत हिरवा चारा तिथेच मिळतो.

तुमच्या कुरणात जुने चर असतील तर ठरावीक अंतरावर त्यांच्यात गवताच्या मुळांसकट काढलेल्या मातीच्या जाड लाद्या किंवा फळ्या घट्ट बसवा, म्हणजे पाणी पसरेल. जनावरांना तिथे थेट पाणी पाजू नका. खुरांनी ती माती काल्यासारखी होते. नळीनं पाणी बाहेर काढून कोरड्या, टणक जागी हौद ठेवा. पुन्हा ओल्या केलेल्या जागेतून थोडा मिथेन, म्हणजे हवा तापवणारा वायू, निघतो, हे खरं आहे. तरी कर्ब जळायचा थांबतो, त्यामुळे लांबच्या हिशेबात बाजू फायद्याचीच राहते.

चौथी पायरी: ओघळी

ओघळ बुजवायची तर सुरुवात तिच्या वरच्या टोकापासून करा. तिथे पाणी उडी मारतं आणि ओघळ दर पावसाळ्यात मागे मागे खात जाते. त्या टोकाला दगड रचून उडीची घसरण करा. मग खाली दगडाचे बुटके अडथळे घाला, एका दगडाच्या उंचीचे. कडा दोन्ही काठांत रुतवा, मध्य किंचित खोलगट ठेवा, नाहीतर पाणी बाजूनं वाट काढून नवी ओघळ पाडेल. उंच बांधाचा मोह टाळा. डोंगरात उंच बांध फुटतो आणि आधीपेक्षा वाईट होतं.

समपातळी चरांबद्दल, म्हणजे उताराला आडव्या, एकाच उंचीवर खणलेल्या चरांबद्दल, माझं मत जरा कडक आहे. जिथे गवताची चादर शाबूत आहे तिथे चर खणणं म्हणजे साठलेला कर्ब आपल्या हातानं उघड्यावर टाकणं. चिकण, घसरणाऱ्या उतारावर तर मुरलेलं पाणी दरड सोडवू शकतं. चर उजाड, टणक, मध्यम उतारासाठी आहेत. समपातळी काढायला ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची, ओळंबा टांगलेली लाकडी चौकट) किंवा पाणसळ पुरते.

पाचवी पायरी: चारा मोजा, मग जनावरं

अर्धा मीटर बाजूची चौकट घ्या. तिच्यातलं गवत जमिनीलगत कापा, सुकवा, वजन करा. जितके ग्रॅम, त्याला ४० नं गुणा: हेक्टरी किलो मिळतात. वीस-पंचवीस ठिकाणांची सरासरी ३० ग्रॅम आली तर हेक्टरी १२०० किलो.

यातलं सगळं जनावरांचं नाही. डोंगरात मी एक तृतीयांशाच्या आसपास धरतो, सपाटीला निम्मं. उरलेलं गवत मुळांना पोसायला, माती झाकायला आणि पुढच्या वर्षी फुटायला लागतं. शिवाय गायी सगळीकडे चढत नाहीत. कुरणतज्ज्ञांचा एक रूढ आडाखा आहे: उतार १० टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण चारा धरा, ११ ते ३० टक्क्यांना त्यातून ३० टक्के वजा करा, ३१ ते ६० टक्क्यांना ६० टक्के वजा करा, त्यापुढचा उतार हिशेबातच घेऊ नका. पाण्यापासून सुमारे दीड किलोमीटरपलीकडचा चारा निम्मा धरा आणि तीन किलोमीटरपलीकडचा शून्य. मेंढ्या-शेळ्या यापेक्षा जास्त चढतात.

जनावर रोज आपल्या वजनाच्या २ ते २.५ टक्के सुका चारा खातं. ४०० किलोच्या गायीला १० किलो, ४० किलोच्या मेंढीला एक. समजा १०० हेक्टर सौम्य उताराचं कुरण आहे आणि हेक्टरी १२०० किलोंपैकी ३५ टक्के वापरायचं आहे. मग हाती आले ४२,००० किलो. १२० दिवसांच्या हंगामाला ३५ गायी. त्यात उतार आणि पाण्याची वजावट केली की आकडा आणखी खाली येतो, आणि इथेच माणसं नाराज होतात. पण याच आकड्यावर बाकी सगळं उभं आहे.

सहावी पायरी: वेळ आणि विश्रांती

वसंतात पहिली हिरवळ दिसली की जनावरं सोडायची घाई होते. तेव्हा गवत मुळांतल्या शिलकीवर फुटत असतं आणि माती लोण्यासारखी असते. वाफसा येऊ द्या, गवताला तीन-चार पानं येऊ द्या. दहा-पंधरा दिवसांच्या धीरानं वर्षभराचा फरक पडतो. मोरोक्कोच्या उंच ॲटलस पर्वतात ‘अगदाल’ म्हणून ओळखली जाणारी कुरणं ठरलेल्या दिवसापर्यंत सगळ्यांना बंद असतात. गवताला फुलायला, बी धरायला मुभा मिळावी, हा त्यामागचा हेतू.

दरवर्षी कुरणाचा एक भाग पूर्ण हंगाम बंद ठेवा आणि पुढल्या वर्षी दुसरा. कायमची चराईबंदी मात्र सहसा लागत नाही. पहिली काही वर्षं फायदा दिसतो, मग थांबतो, आणि साचलेलं वाळकं गवत वणव्याला आमंत्रण देतं. नुसत्या कुंपणांनी तुकडे पाडून फिरती चराई केली की कर्ब धो धो वाढतो, असंही कुणी सांगेल. अभ्यासांतून तसं ठामपणे दिसत नाही. जनावरांची संख्या आणि गवताला मिळालेली विश्रांती, या दोनच गोष्टींवर खरा भार असतो. मिठाचे दगड पाण्यापासून लांब, कमी चरल्या जाणाऱ्या भागात ठेवा आणि रात्रीचा वाडा दर काही दिवसांनी हलवा. एकाच जागी शेणाचा ढीग आणि वर उतार उपाशी, असं होऊ देऊ नका.

सातवी पायरी: माणसं

डोंगरातली बहुतेक कुरणं सामाईक असतात. तुमचा हिशेब कितीही बरोबर असला, तरी शेजारच्या कळपानं तो मानला नाही तर कागदावरच राहतो. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा १५१७ सालचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: हिवाळ्यात जेवढ्या गायी स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावर न्यायच्या. मोजायला सोपा, लपवायला अवघड. तुमचा नियमही असाच असू द्या, शेजाऱ्याला कुंपणावरून पाहून कळेल असा. आणि तो ठरवायला मेंढपाळ, गुराखी, चारा कापून आणणाऱ्या बायका, सगळ्यांना बोलवा. कुठली ओल कधी सुकते, ते त्यांनाच ठाऊक असतं.

आठवी पायरी: आता भर घाला

गळती थांबल्यावर भर घालण्यात अर्थ आहे. मातीतल्या सेंद्रिय पदार्थात साधारण १२ भाग कर्बामागे एक भाग नत्र असतं, म्हणजे एक टन कर्ब टिकवायला ८० किलोंच्या आसपास नत्र हवं. ते आणायचा स्वस्त मार्ग शेंगवर्गीय चारा: क्लोव्हर, लसूणघास, सेनफॉइन किंवा तिथलीच रानटी शेंगवर्गीय झुडपं. उघड्या पट्ट्यांत हलक्या दाताळ्यानं खरवडून बी टाका. नांगर फिरवू नका. नैसर्गिक गवताळ जमीन नांगरली की काही दशकांत तिच्यातला ३० ते ५० टक्के कर्ब जाऊ शकतो. पायथ्याला पिकाचे तुकडे असतील तर तिथे कमी नांगरट, वर्षभर आच्छादन आणि दोन पिकांमध्ये चाऱ्याची फेरपालट करा.

झाडं लावण्याचा उत्साह इथे आवरा. पूर्वीपासून गवताळ असलेल्या उतारावर दाट लागवड केली तर झरे आटू शकतात, आणि जमिनीखाली सुरक्षित असलेला कर्ब वणव्याच्या तोंडी, जमिनीवर येतो. ओघळीच्या काठाला, वाड्याभोवती, दरडीखाली झाडं जरूर लावा.

वाईट वर्षाची तयारी

मंगोलियात कोरड्या उन्हाळ्यामागून कडक हिवाळा येतो, त्याला ‘झुद’ म्हणतात. २००९-१० च्या झुदमध्ये देशातली सुमारे पाचवा हिस्सा जनावरं दगावली. उन्हाळ्यातच चारा कमी पडलेला, त्यात थंडी. यातून घ्यायची गोष्ट अशी: निर्णयाची तारीख आधी ठरवा. अमुक दिवसापर्यंत चौकटीत इतके ग्रॅम गवत नसेल, तर इतकी जनावरं विकायची किंवा खाली न्यायची, हे चांगल्या वर्षात लिहून ठेवा. संकटात कुणालाच जनावर सोडवत नाही, आणि मग भुकेला कळप दहा वर्षांची माती एका हंगामात खरवडून टाकतो. एका हिवाळ्याचा तरी चारा शिलकीत असावा.

हिशेब आणि करार

सुधारलेल्या चराईतून कर्ब वाढतो तो हेक्टरी वर्षाला साधारण ०.१ ते ०.५ टन. वरच्या ५४ टनांत पाच वर्षांनी दीड टनाची भर पडली, तर नमुन्यांच्या आपापसातल्या फरकात ती दिसणारही नाही. म्हणून मातीची दुसरी मोजणी पाच ते दहा वर्षांनी, त्याच ऋतूत, त्याच जागी करा. आणि एक सापळा ओळखा. जमीन भुसभुशीत झाली की घनता उतरते. ०.९ ची ०.८५ झाली आणि कर्ब २ चा २.१ टक्के झाला, तर ३० सेंटिमीटरचा हिशेब ५३.५ दाखवतो, म्हणजे घट! खरं तर वाढ झालेली असते. तुलना सारख्या खोलीची न करता मातीच्या सारख्या वजनाची करा, म्हणजे दुसऱ्या वेळी थोडं जास्त खोल जा.

जनावरांचा मिथेनही याच वहीत मांडा. एका गायीतून वर्षाला ५० ते १०० किलो मिथेन निघतो. मातीतली वाढ काही वर्षांनी मंदावते, मिथेन दरवर्षी निघत राहतो.

कर्बाचे करार, म्हणजे मातीत साठवलेल्या कर्बाबद्दल पैसे देणारे करार, घेऊन कुणी आलं तर सही करण्याआधी विचारा: किती वर्षांची बांधिलकी? दुष्काळात किंवा वणव्यात कर्ब गेला तर भरपाई कोण देणार? मोजणीचा खर्च कुणाचा? सामाईक जमिनीत वाटा कसा? यांची उत्तरं लेखी मिळत नसतील तर थांबा. कुरणाचं काम कराराशिवायही सुरू होतं.

दरम्यान दरवर्षी एवढं पुरे: दहा ठिकाणी लोखंडी खुंट्या ठोका, त्यांना क्रमांक द्या, आणि ठरलेल्या आठवड्यात प्रत्येक खुंटीवरून एकाच दिशेनं फोटो काढा. सोबत शंभर पावलांच्या त्याच रेषा पुन्हा चाला. फोटोमागे तारीख, उघड्या मातीची टक्केवारी आणि जनावरं तिथे कधी आली-गेली ते लिहा. खुंटी बर्फात किंवा गवतात हरवू नये म्हणून शेजारच्या मोठ्या दगडावर रंगाची खूण करून ठेवा.